ओली बाजू

त्या मोठ्या दवाखान्याच्या तळघरात एक भिंत आहे आणि त्या भिंतीत एक खिडकी आहे. खिडकीच्या अलीकडे ओली बाजू, पलीकडे कोरडी. वरच्या मजल्यावर ऑपरेशनं होतात त्यांची सगळी हत्यारं, म्हणजे कात्र्या, चिमटे, सुऱ्या, जखम फाकवून धरायचे आकडे, वापरून झाली की रक्तासकट ट्रेमधून ओल्या बाजूला येतात. तिथं ती धुवायची, वाळवायची आणि खिडकीतून पलीकडे सरकवायची. कोरड्या बाजूची माणसं ती तपासतात, दुहेरी कापडात बांधतात, वर पट्टी चिकटवतात आणि वाफेच्या मशीनमध्ये लावतात. ट्रे ओल्याकडून कोरड्याकडे जातो. उलटा पाठवायचा झाला तर सोबत परतीचा कागद भरावा लागतो, त्यावर काय राहिलं, कुणी धुतलं, कुणी पकडलं हे सगळं लिहून खाली सही करावी लागते. त्यामुळे कुणी पाठवत नाही.

कोरड्या बाजूचे लोक ओल्या बाजूला मोरी म्हणत. आणि मोरीत बारा वर्षं मावशी होत्या.

त्यांना सगळा दवाखाना मावशीच म्हणायचा, अगदी त्यांच्याहून वयानं मोठे असलेले दारावरचे रखवालदारसुद्धा. बुटक्या, अंगानं भरलेल्या, चालताना डाव्या पायावर जरा जास्त भार देणाऱ्या. उभं राहून राहून गुडघे बोलायला लागले होते. पण काम त्यांना आवडायचं. हे वाक्य इथं लिहायला सोपं आहे. बारा वर्षांत मावशींना ते एकालाही पटवून देता आलं नव्हतं.

चिमट्याचा सांधा ही फार लबाड जागा. वरून चिमटा आरशासारखा चकचकीत असतो, आणि सांध्यात मोहरीएवढा काळा ठिपका दडून बसलेला असतो. त्यासाठी चिमट्याच्या मुठीजवळचे, एकमेकांत अडकणारे दाते सोडवायचे, तो पाण्याखाली उघडा धरायचा आणि बारीक ब्रशनं चारी बाजूंनी घासायचा. घासता घासता एका क्षणी सांधा हलका होतो. ते डोळ्यांच्या आधी बोटांना कळतं. तो क्षण मावशींना आवडायचा. दिवसाला चारपाचशे वेळा तो यायचा आणि तरी त्यांना त्याचा कंटाळा आला नव्हता. ट्रे खिडकीत सरकवताना त्या मनात म्हणायच्या, 'ज्याच्या अंगात हे जाणार, त्याला सांभाळ रे बाबा.' ओठ हलायचे नाहीत. देवाला ऐकू जाईल इतपतच.

चहाची सुट्टी पंधरा मिनिटांची आणि चहाची खोली कोरड्या बाजूला. तिकडं जायचं तर ओल्या बाजूच्या माणसानं गाऊन, टोपी, बूट सगळं उतरवायचं आणि कोपरापर्यंत हात धुवायचे. नियम योग्यच होता, मावशींनाही मान्य होता. पण उतरवायला पाच मिनिटं, परत चढवायला पाच. उरलेल्या पाचात चहा प्यायचा का टोमणे ऐकायचे? पहिली काही वर्षं त्यांनी दोन्ही केलं.

"मावशी, हाताला वास येत नाही का हो?" वाफेचं मशीन चालवणारा विचारायचा. त्याला सगळे मशीनवाला म्हणत.

"येतो की. साबणाचा."

"मी तर एक दिवस नाही टिकायची," पॅकिंगच्या टेबलावरची तंत्रज्ञ म्हणायची. तिच्याकडे पदविका होती आणि ती तिच्या बोलण्यात दर तिसऱ्या वाक्याला यायची, म्हणून तिच्यामागं तिचं नाव डिप्लोमा पडलं होतं. "दोन वर्षं डिप्लोमा करायचा आणि मोरीत बसायचं?"

"तुम्हाला कोण बसवतंय?"

"रागावू नका हो मावशी, कौतुकच करतेय तुमचं. कुणीतरी करायलाच हवं ना ते."

मोरी म्हटलेलं मावशींना फारसं लागत नसे. घरातही मोरी असते, तिच्याशिवाय घर चालत नाही. पण हे 'कुणीतरी करायलाच हवं' त्यांच्या मनात दिवसभर खड्यासारखं टोचत राहायचं. मग त्यांनी चहाला जाणंच सोडलं. घरून थर्मास आणायचा, जिन्याच्या पायरीवर बसून घोटभर प्यायचा आणि उठायचं. त्यावर डिप्लोमा म्हणाली, "मावशींना आमची संगत चालत नाही." तेही ऐकून घेतलं.

असं चाललेलं असताना कोरड्या टेबलावरची एक बाई निवृत्त झाली.

विभागाच्या प्रमुख सिस्टर बाई मनानं चांगल्या, पण सदा घाईत. त्यांनी मावशींना दारातच गाठलं. "मावशी, पुढच्या सोमवारपासून तुम्ही कोरड्या बाजूला. मी नाव दिलं होतं, वरून सही झाली."

मावशी म्हणाल्या, "मला आधी विचारायचं तरी."

"यात विचारायचं काय?" सिस्टर हसल्या. "बारा वर्षं झाली हो. गुडघ्यांकडं बघा जरा. आणि आभार मानायला मी आता थांबत नाहीये, वर मीटिंग आहे."

दिवसभर ज्यानं त्यानं येऊन सांगितलं, "सुटलात मावशी." लिफ्टवाल्यानं सांगितलं, कपड्यांचा गाडा ढकलणाऱ्यानं सांगितलं. जेलमधून सुटका झालेल्या माणसाकडं बघावं तसे लोक बघत होते. मावशी सगळ्यांना "हो, हो" म्हणाल्या. इतकी माणसं आपल्यासाठी खूश असताना आपलंच तोंड उतरलेलं दाखवणं त्यांना बरं वाटेना.

घरी लेकीनं तर उडीच मारली. ती शिक्षिकेचं प्रशिक्षण घेत होती आणि तिच्या मैत्रिणींच्या आया कुठं कुठं टेबलाशी बसणाऱ्या होत्या. "आई, म्हणजे तू आता टेक्निशियन?"

"तसंच काहीसं."

"तसंच काहीसं काय? टेक्निशियनच. मी सांगते सगळ्यांना."

मावशींचे यजमान शाळेत शिपाई होते. भाजी चिरणाऱ्या बायकोकडे त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि लेक आत गेल्यावर म्हणाले, "तुला जायचं नसेल तर नाही म्हण."

"कसं म्हणू? त्या बाईनं माझ्यासाठी शब्द टाकलाय."

"मग जा. खुर्ची तरी मिळेल बसायला."

"मला खुर्ची नकोय, अहो."

"मला कुणी देऊ केली असती तर मी घेतली असती," ते म्हणाले आणि कोथिंबीर निवडायला बसले.

कोरडी बाजू खरंच छान होती. गार हवा, पांढरा उजेड, उंच स्टूल, त्याला पाठ टेकायला जागा. टेबलावर प्रत्येक ट्रेची यादी लावलेली. यादीप्रमाणे मोजायचं, भिंगाखाली बघायचं, कापडाचे कोपरे पाकिटासारखे दुमडायचे, पट्टी लावायची. मशीनमधून ट्रे बाहेर आला की पट्टीवरच्या रेषा काळ्या झालेल्या असतात, म्हणजे वाफ पोचली. मावशी घडी दुमडायला दोन दिवसांत शिकल्या. चहाला सगळ्यांबरोबर टेबलाशी बसू लागल्या. डिप्लोमानं स्वतः त्यांच्यापुढं बिस्किटांची बशी सरकवली.

"आता कसं माणसांत आल्यासारखं वाटतंय ना, मावशी?"

"आधी कुठं होते?" मावशींनी विचारलं. सगळे हसले, मावशीही हसल्या, आणि ते तिथंच राहिलं.

संध्याकाळी घरी जाताना मात्र त्यांना विचित्र थकवा यायचा. पाय दुखत नव्हते, पाठ दुखत नव्हती, तरी जीव आंबून गेल्यासारखा व्हायचा. दिवसभर हातांनी कसलंच काही साफ केलेलं नसायचं. आधीच झालेल्या कामाला नुसतं कापडात गुंडाळून पुढं पाठवलेलं असायचं.

आणि ते काम झालेलंही नसायचं.

त्यांच्या जागी ओल्या बाजूला लॉन्ड्रीतून एक माणूस आणला होता. पन्नाशीचा, शांत, चादरींच्या हिशेबानं चिमटे धुणारा. म्हणजे ढीग पाण्यात टाकायचा, खळखळवायचा, काढायचा. दाते सोडवायचे नाहीत, सांधे उघडायचे नाहीत. जाताना मावशींनी त्याला दोन दिवस शिकवलं होतं, पण दोन दिवसांत शिकवता येतं ते डोळ्यांना, बोटांना नाही. मावशी भिंग लावून बघायच्या आणि सांध्यात काळा ठिपका. दुसऱ्या चिमट्यातही.

"अशा वेळी काय करता तुम्ही?" त्यांनी डिप्लोमाला विचारलं.

"ओल्या बोळ्यानं पुसायचं. वाफेत मरतंच सगळं."

"मेलं तरी ते आतच राहतं की."

"मावशी, एक कागद भरला की दहा मिनिटं जातात. वर हत्यारं वेळेवर लागतात. तुम्ही मोरीतनं आलात, तरी मोरी काही तुमच्यातनं जात नाही बघा."

मशीनवाला मोठ्यानं हसला. मावशींनी कागद भरला. पहिल्या तीन दिवसांत त्यांनी अकरा कागद भरले, तितके त्या टेबलानं तीन वर्षांत भरले नव्हते. काम खोळंबू लागलं. कालपर्यंत बिस्किटं सरकवणारे हात आता घड्याळाकडं जाऊ लागले.

चौथ्या दिवशी लॉन्ड्रीवाला सुट्टीच्या वेळी फाटकापाशी उभा होता. मावशींचीच वाट बघत.

"अकरा कागद, मावशी," तो म्हणाला. "सिस्टरांनी मला सगळ्यांपुढं उभं केलं. या वयात."

"अहो, सांधे उघडून धुतले की—"

"तुम्हाला आवडायचं ते. मला लॉन्ड्रीतून उचलून इथं टाकलंय. मला रक्त बघवत नाही, डोळे मिटून धुतो मी. दिवस ढकलतोय. ढकलू द्या जरा."

तो रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. तो विनवत होता. मावशी रस्ताभर त्याचा विचार करत गेल्या. ज्याचं मन नाही त्याला त्या जागी उभं केलं आणि जिचं आहे तिला तिथून उठवलं, आणि दोघांवरही उपकार केले म्हणून सगळे खूश. यात कुणाला दोष द्यायचा? सिस्टरांना द्यावा तर त्यांनी भलंच चिंतलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मावशींनी कागद भरणं बंद केलं. पण ओल्या बोळ्यानं पुसून पुढं ढकलणं त्यांच्या हातून होईना. मग त्यांनी केलं ते असं. कोरड्या बाजूला दाराजवळ हात धुवायचं एक छोटं बेसिन आहे. मावशींनी घरून मऊ दातांचा नवा टूथब्रश आणला आणि गाऊनच्या खिशात ठेवला. ठिपका दिसला की तो चिमटा मुठीत घ्यायचा, हात धुवायच्या निमित्तानं बेसिनपाशी जायचं, नळाखाली सांधा उघडून घासायचा, पुसायचा आणि परत ट्रेमध्ये ठेवायचा.

हे चूक होतं. साधीसुधी नाही, मोठी चूक. कोरड्या खोलीत रक्ताचं काही उघडायचं नाही, यासाठी तर ती भिंत बांधलेली. मावशींना नियम पाठ होता. नव्या माणसांना तो त्यांनीच समजावून सांगितला होता. पण माणसाची अक्कल कधी कधी हातांच्या मागं चालते. आणि खोटं कशाला बोला, त्या दोन दिवसांत त्यांच्या जिवाला बरं वाटलं. सांधा हलका झाला की बोटांना जुनी ओळख पटायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी डिप्लोमा हात धुवायला गेली आणि बेसिनपाशीच थबकली. पांढऱ्या बेसिनच्या कडेला गुलाबी फेस राहिला होता.

"हे काय आहे?" तिनं विचारलं. मग मावशींच्या खिशाकडं बघितलं. खिशातून टूथब्रशाचं टोक बाहेर आलं होतं.

मावशी म्हणाल्या, "मी धुतला. चिमटा."

"इथं?"

"इथं."

डिप्लोमा तोंडाला येईल ते बोलेल असं मावशींना वाटलं होतं. पण ती पांढरी पडली आणि तिनं सरळ सिस्टरांना फोन लावला. तेच बरोबर होतं. त्यानंतर टेबलावरचं आणि मशीनमध्ये लावलेलं सगळं रद्द झालं. सव्वीस ट्रे उघडून परत ओल्या बाजूला. टेबल, बेसिन, जमीन, सगळं औषधानं पुसून काढायचं. वरची पहिली दोन ऑपरेशनं दुपारवर ढकलली.

सिस्टर मावशींना एवढंच म्हणाल्या, "आत जा, धुवायला लागा. बोलू नंतर."

मावशींनी जुना गाऊन चढवला. सव्वीस ट्रे म्हणजे बाराशेच्या वर नग. लॉन्ड्रीवाला वाळवायला उभा राहिला. अकराच्या सुमाराला वरून ट्रे न्यायला आलेला वॉर्डबॉय दारातून डोकावून म्हणाला, "लवकर करा हो. वर एक आजोबा आहेत पहिल्या नंबरचे. कालपासून पोटात काही नाही, सारखे पाणी मागतायत. द्यायचं तर नाही."

मावशींचे हात थांबले नाहीत, पण डोळ्यांपुढलं नीट दिसेना. त्यांनी तोंड खांद्याला पुसलं. नेहमीचं मागणं त्या दिवशी मनात आणायची त्यांना लाज वाटली. ज्याला सांभाळ म्हणायचं, त्यालाच आपण तहानलेला ठेवला. बाराशे नग त्यांनी एकापाठोपाठ एक धुतले, एकदाही देवाचं नाव न घेता.

आजोबांचं ऑपरेशन अडीचला सुरू झालं आणि नीट पार पडलं. हे मावशींना साडेचारला कळलं, सिस्टरांच्या खोलीत उभ्या असताना. तेव्हा कुठं त्यांनी खुर्चीवर अंग टेकलं.

सिस्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्याही दमल्या होत्या. "मावशी, तुम्ही कागद भरला असतात तर सगळ्यांनी नुसती कुरकुर केली असती. हे काय करून बसलात?"

"चुकलं. त्याला ओरडा बसत होता म्हणून कागद बंद केले. आणि तसंच बांधून पाठवता येईना."

"मेमो तर द्यावा लागेल. तो मी असा लिहिते." त्यांनी समोरचा कागद वाचला. शिक्षा म्हणून सहा महिने धुलाई विभागात बदली. सहा महिन्यांनी वर्तणूक पाहून पुन्हा पॅकिंगला. "म्हणजे सहा महिने काढा, मग तुमची जागा तुम्हाला परत. मी इतकंच करू शकते तुमच्यासाठी."

मावशींनी तो कागद स्वतः पुन्हा वाचला. खरं तर त्यांना हवं होतं तेच त्यात लिहिलं होतं. ओली बाजू. मान हलवून सही केली असती तरी उद्यापासून त्या आपल्या जागी उभ्या असत्या.

"मला शिक्षा हवी ती करा," त्या शेवटी म्हणाल्या. "रजा कापा, बढती काढून घ्या. ते आजोबा तहानलेले राहिले माझ्यामुळं, मी नाही म्हणत नाही. पण शिक्षा म्हणून धुवायला नका पाठवू."

"मग कुठं पाठवू?"

"धुवायलाच. पण शिक्षा म्हणून नको."

बाईला ताप तर नाही ना, अशा नजरेनं सिस्टरांनी त्यांच्याकडं पाहिलं.

"शिक्षा म्हटली की ती वाईट जागा ठरली, बाई. बारा वर्षं मी तिथं काय शिक्षा भोगत होते का? उद्या तिथं जो उभा राहील, त्यालाही लोक विचारणार, तू काय गुन्हा केलास. मग तो डोळे मिटूनच धुवेल."

"मग तुम्हाला स्वतःच्या विनंतीनं बदली मागावी लागेल," सिस्टर हळू म्हणाल्या. "नीट ऐका. विनंती केली की ती कायमची. पुन्हा कोरड्या बाजूला येता येत नाही, जागा रिकामी झाली तरी. आणि मेमोत चूक लिहिलेली राहीलच, ती काही पुसली जात नाही. दोन्हीकडून नुकसान तुमचंच. गुडघे असे. निवृत्तीला आठ वर्षं आहेत. आज नका सांगू, उद्या सांगा."

बाहेर डिप्लोमा पर्स खांद्याला लावून थांबली होती. "मावशी, मला फोन करावाच लागला हो."

"बरोबर केलंत. तुमच्या जागी मी असते तरी केला असता."

"सिस्टरांनी सांगितलं मला सगळं. मेमो घ्या आणि गप्प राहा. सहा महिने बघता बघता जातात. हट्टानं कायमच्या नका अडकू तिथं." तिच्या आवाजात खरी काळजी होती आणि मावशींना त्याचाच जास्त शीण आला. चिडवणाऱ्याला उत्तर देता येतं. ज्याला आपली कणव येते, त्याला काय सांगायचं?

घरी लेकीनं ऐकून घेतलं आणि ती बराच वेळ वहीवर रेघा मारत बसली.

"मेमो घे ना आई. सहा महिनेच तर आहेत. मी कुणाला सांगणार नाही."

"काय सांगणार नाहीस?"

"हेच. तू परत तिकडं..." ती थांबली. मग एकदम म्हणाली, "तुला माझा काही विचार नाही का गं? मी वर्गात सगळ्यांना सांगून बसले."

मावशींना कधी नव्हे ते वाटलं, हिला एक ठेवून द्यावी. मग वाटलं, हिचं काय चुकलं? आपण घरी येऊन कधी सांगितलं का, की आज असा एक सांधा सुटला नि असं बरं वाटलं? घरी येऊन आपणही "दमले बाई" एवढंच म्हणत आलो. पोरीनं तेच ऐकलं.

"विचार आहे," त्या म्हणाल्या. "पण मला ते काम आवडतं गं."

"काय आवडतं त्यात?"

मावशींनी सांगायचा प्रयत्न केला. सांधा, दाते, पाण्याखाली हलकं होणं. सांगता सांगता त्यांनाच ते फार छोटं वाटायला लागलं आणि त्या मध्येच थांबल्या. लेक म्हणाली, "बरं," आणि अभ्यासाला आत गेली. पटलं नव्हतं, पण उलटून बोललीही नाही.

यजमानांनी इतकंच विचारलं, "आठ वर्षं उभी राहशील?"

"देव ठेवील तोवर राहीन."

"देवाचं राहू दे. मी गुडघ्यांचं विचारतोय."

"ते माहीत नाही."

दिवा लावून मावशी देवापुढं बसल्या. काही मागितलं नाही. कौलही लावला नाही. ज्याचा निर्णय आपल्याला कळतोय तो देवाच्या गळ्यात मारायचा नसतो, असं त्यांचं मत होतं. आजोबांसाठी मात्र हात जोडले आणि माफी मागितली. मग उठून कणीक मळायला घेतली.

सकाळी त्यांनी दोन कागद सिस्टरांपुढं ठेवले. एकावर चूक कबूल. दुसरा विनंतीचा छापील अर्ज, त्यातल्या कारणाच्या रकान्यात त्यांच्या शाळकरी, गोल अक्षरात लिहिलं होतं: मला धुण्याचं काम आवडतं.

"हे असं नाही चालत मावशी," सिस्टर म्हणाल्या. "कौटुंबिक अडचण लिहा. तब्येत लिहा. वरचे लोक विचारतील मला."

"अडचण नाही हो काही. तब्येतीचं लिहिलं तर म्हणतील बसायचं काम सोडून उभं राहायचं का मागतेय."

सिस्टरांना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. त्यांनी अर्ज पुन्हा वाचला, पेन हातात घेऊन जरा थांबल्या आणि सही केली. "आजपासूनच?"

"कालपासून मी तिथंच आहे."

दुपारपर्यंत बातमी सगळीकडं झाली, आणि ज्यानं त्यानं ती आपल्याला झेपेल तशी घेतली. मशीनवाला म्हणाला, मावशींना घाबरवून अर्ज लिहून घेतला. लिफ्टवाला म्हणाला, बाईंचं डोकं जरा फिरलंय, वयानं होतं. डिप्लोमानं फक्त मान हलवली. कोरड्या टेबलावरची जागा आठवडाभरात लॉन्ड्रीवाल्याला मिळाली. तो पहिल्या दिवशी खिडकीपाशी येऊन मावशींना म्हणाला, "तुमच्यामुळं हो." आणि त्याचा चेहरा इतका सुटलेला दिसत होता की मावशींना बरंच वाटलं. त्याच्या घड्या मात्र छान पडायच्या. चादरींचा हात.

मावशींचे गुडघे संध्याकाळी पूर्वीसारखे दुखू लागले. दुखणं काही आवडीमुळं कमी होत नाही.

पंधरा दिवसांनी वरच्या कार्यालयातून फोन आला. फोन दाराशी भिंतीवर होता. मावशींनी अर्धा धुतलेला ट्रे पाण्यात ठेवला, हातमोजे उतरवले, हात धुतले, तोवर पलीकडचा कारकून दोनदा "हॅलो, हॅलो" म्हणून झाला होता.

"तुमचा अर्ज माझ्यापुढं आहे. फायलीला लावतोय. कारणाच्या रकान्यात काही चूक झालीय का?"

"नाही."

"म्हणजे, 'आवडतं' असं लिहिलंय."

"हो."

"ते कारण म्हणून... यादीत तसं काही नाहीये. बदलू का? काहीतरी वैयक्तिक टाकतो, कुणी विचारणार नाही."

"वैयक्तिकच आहे ते," मावशी म्हणाल्या. "राहू द्या तसंच."

पलीकडे मागं कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं आणि कारकून त्याला म्हणाला, "काही नाही, आवडतं म्हणतायत." मग हसण्याचा आवाज आला, एकाचा का दोघांचा ते कळलं नाही.

"बरं मावशी, तसंच ठेवतो," तो म्हणाला.

मावशींनी फोन ठेवला. पेटीतून हातमोज्यांची नवी जोडी काढली, एकेक बोट ओढून नीट बसवलं आणि पाण्यातल्या ट्रेमधला चिमटा उचलून त्याचे दाते सोडवले.